चार बोटं माया

मास्तरीण शाळेत गेली दुसरीपर्यंत, आणि तीही धरून नेली म्हणून. तरी आख्खी गल्ली तिला मास्तरीणच म्हणायची. पुरुष कपडे शिवतो तो टेलरमास्तर, मग बाई शिवते ती मास्तरीण, सरळ हिशेब. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या माणसांची अंगं मापली. कोण पोटाने सुटला, कोण खांद्यात वाकला, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब, हे त्यांच्या डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. लिहिण्याचा कंटाळा, म्हणून मापं दोऱ्याला गाठी मारून ठेवायची. वहीत लिहिणारे चुकले, तिची गाठ कधी चुकली नाही.

चुकला तो गुडघा. डॉक्टर म्हणाला, "आजी, जिना बंद."

"बंद म्हणजे?"

"चढायचा नाही."

"मग काय उशाला घेऊन झोपू त्याला?"

पण गुडघा तिच्या बाजूने बोलायला तयार नव्हता, तेव्हा ठरलं की माडीवरची खोली सोडायची आणि खाली राहायला यायचं. खालची खोली म्हणजे काडेपेटी. पलंग मावणार होता, खिडकीपाशी शिवणाचं मशीन आणि एक कपाट. एकच. वर मात्र एक कपाट आणि तीन पत्र्याच्या पेट्या, सगळं कपड्यांनी असं ठासून भरलेलं की झाकण उघडलं की कपडे श्वास घ्यायचे.

"यातलं बरंचसं काढायला लागेल, आई," सून म्हणाली.

सून नर्स होती. तिच्या हातात काहीही दिलं की ती आधी त्याचे ढीग करायची. सुट्टीच्या दिवशी ती मोठ्या पिशव्या घेऊन वर आली, त्यांना चिठ्ठ्या टोचल्या आणि कामाला लागली. एका चिठ्ठीवर 'ठेवायचे', चारांवर 'द्यायचे'.

"आमच्याकडे एकदम पेशंट आले की असंच करतो," ती म्हणाली. "कोण तातडीचं, कोण थांबू शकतं."

"मग लाव माझ्या कपड्यांना सलाईन," मास्तरीण म्हणाली आणि पलंगावर पाय लांब करून बसली. आपण हलायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. बघू या कोण दमतं.

पहिल्या पेटीतून एक पायजमा निघाला. त्याचा एक पाय साधा, दुसरा एवढा रुंद की त्यात मूल झोपवावं.

"हे काय?"

"पोस्टमनचा पाय मोडला होता तेव्हा शिवला. प्लॅस्टरसकट आत जातो."

"पोस्टमनचा पाय बरा झाला ना?"

"झाला. दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला मेल्याने. उपकाराची जाण नाही लोकांना."

"मग द्यायचे?"

"आणि पुन्हा कुणाचा मोडला तर?"

"आई, कुणाचा तरी पाय मोडेल म्हणून पायजमा सांभाळायचा नसतो."

वाक्य मास्तरणीच्याच धाटणीचं होतं. सून आली तेव्हा तोंडात बोट घातलं तरी चावायची नाही. दहा वर्षांत चांगलं शिकली होती.

पायजमा गेला. छत्रीच्या कापडाचा रेनकोट गेला, जो पावसात आत ओला आणि बाहेर कोरडा राहायचा. लेकाचं टोपडं राहिलं. त्याची शाळेची चड्डी, बुडाला तीन ठिगळं लावलेली, तीसुद्धा राहणार होती. तेवढ्यात लेक स्वतः वर आला. लेक शहरातली बस चालवायचा. बसून बसून त्याचं पोट आता स्टिअरिंगशी बोलायला लागलं होतं.

"ही चड्डी लोकांना दाखवू नका," तो म्हणाला.

"लोकांनी तुझं बूड तेव्हाच पाहिलंय. ठिगळ मी नंतर लावलं," मास्तरीण म्हणाली. "आणि माझं मशीन खाली कधी आणतोस?"

"बघू," लेक म्हणाला आणि जिना उतरला.

मास्तरणीने कपाळाला हात लावला. बघू म्हणाला, म्हणजे संपलं.

हे 'बघू' लेकाला बापाकडून मिळालं होतं. बाप घड्याळजी. कोपऱ्यावर त्यांचं एवढंसं दुकान, डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांच्या पोटात बघत बसायचे. माणूस इतका मऊ की कुणाला 'नाही' म्हणणं जमायचं नाही. गिऱ्हाइकाने मेलेलं घड्याळ आणून दिलं की म्हणायचे, बघू. ते घड्याळ मेलेलंच राहायचं. पोराने सायकल मागितली, बघू. मास्तरणीने समुद्र दाखवा म्हटलं, बघू. समुद्र आहे तिथेच राहिला. घरात मांजराला सुद्धा ठाऊक झालं होतं की बघू म्हणजे नाही, फक्त ते ऐकताना लागत नाही एवढंच.

तिसऱ्या पेटीत अर्ध्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला कोट होता. गडद निळा, लोकरीचा. सुनेने तो उलगडला आणि तिचे हात थांबले. सासऱ्यांच्या भिंतीवरच्या फोटोत हाच कोट होता.

"हा तुम्हीच ठरवा, आई," ती हळू आवाजात म्हणाली.

इथेच चुकलं. तो आवाज मास्तरणीच्या ओळखीचा होता. पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलायचा आवाज. आपल्याला कुणी बाजूला घ्यावं, इतके वाईट दिवस अजून आले नव्हते.

"मी काय रडणार आहे की काय? कोट आहे, माणूस नाही. टाक कुठेही."

"कुठेही कसा टाकू? सावकाश ठरवू." सुनेने एक रिकामी पिशवी घेतली, नवीन चिठ्ठी लिहिली, टोचली, आणि कोट घडी करून आत ठेवला.

मास्तरणीने चिठ्ठीकडे पाहिलं. दोनच अक्षरं होती, तेवढी तिला लागत होती. ब, घू. बघू.

या घरात त्याचा अर्थ काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण आता बोलायचं म्हणजे मऊ पडायचं. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. अर्धी पेटी अजून बाकी होती, ती नंतर काढू म्हणून सुनेने झाकण लावलं आणि संध्याकाळी मास्तरणीला धरून धरून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक घरी जेवायला आला तो खुशीत. "घ्या," म्हणाला, "सकाळी ड्यूटीवर जाताना सगळ्या पिशव्या पोचवून टाकल्या. त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. आता म्हणू नका मी कामाचा नाही."

"सगळ्या म्हणजे चार ना?" सुनेने विचारलं.

"पाच."

"द्यायच्या चार होत्या!"

"चार द्यायच्या आणि एक बघू."

"अरे, बघू म्हणजे नंतर बघू! ठरवायचं होतं अजून!"

लेक खरोखर गोंधळला. "बघू म्हणजे ठरवायचं? बघू म्हणजे नाही. नको असलेलं. विचार आईला."

दोघांनी मास्तरणीकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा तिला झोडायला माणूस सापडेना. पोराला झोडावं, तर पोरगा बरोबर होता. सुनेला झोडावं, तर तिच्या माहेरी बघूचा अर्थ बघू असा होता, त्यात तिचा काय दोष? राहिले घड्याळजी. ते तर सहा वर्षांपूर्वीच सुटले होते.

"त्यात बाबांचा कोट होता," सून म्हणाली.

लेकाचा घास हातात राहिला. "आई, मी आत्ता जातो..."

"तू जेव. तू बसने जाशील, सिग्नलला थांबशील आणि संध्याकाळी पोचशील." मास्तरणीने काठी घेतली. सून पुढे झाली, तशी म्हणाली, "जिना बंद आहे. रस्ता बंद नाही."

दुकान दोन गल्ल्या टाकून होतं. लोक नको झालेले कपडे तिथे आणून देत, दुकानवाली ते झटकून टांगून स्वस्तात विकत असे. मास्तरीण आयुष्यात तिथे पाऊल टाकणार नव्हती. दुसऱ्याच्या हाताची वाकडी शिवण बघून तिला मळमळायचं. पण आज ती अशी चालली की काठीला धाप लागली.

दारातूनच तिला कोट दिसला. आरशासमोर होता. आणि त्याच्या आत एक माणूस होता.

माणूस आडवा, काळासावळा, मान म्हणजे खांब. कोट त्याच्या पोटावर मिटत नव्हता आणि पाठीवरची शिवण अशी ताणली होती की तिला ती ऐकू येत होती.

"गोदामात हमाल होतो वीस वर्षं," तो दुकानवालीला सांगत होता. "उद्यापासून मुकादम केलाय. ऑफिसात बसायचं. साहेब म्हणाला, कोट घालून ये. कापड झकास आहे हो याचं, खांद्यात बसलाय पण. खाली मात्र आवळतोय."

"दुसरा नाही तुमच्या मापाचा," दुकानवाली म्हणाली. "काढून ठेवा मग."

मास्तरीण टांगलेल्या झग्यांच्या आड उभी राहिली. काम सोपं होतं. त्याने काढून ठेवला की आपण उचलायचा. तोवर फक्त गप्प उभं राहायचं. आणि नेमकं तेवढंच काम तिला जन्मात जमलं नव्हतं.

हमालाने बाही ओढत उसासा टाकला. "शिंप्याने कापड खाल्लंय यात, दुसरं काय. एवढं चांगलं कापड आणि कंजुषी बघा केवढी!"

झगे दोन्ही बाजूंना झाले आणि काठी पुढे आली.

"कुणी खाल्लं?"

हमाल दचकला. "मी... तुम्हाला नाही, मावशी..."

"मलाच! कोट मी शिवलाय! चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाच्या कापडाची चिंधी इकडची तिकडे झाली नाही, आणि तू मला कंजूस म्हणतोस? काढ. काढ म्हणते ना! आणि उलटा कर."

हमालाने मुकाट कोट काढला. ओझी उचलणारा माणूस, कुणाचं ऐकायचं ते त्याला लगेच कळतं. मास्तरणीने कोट आतून उलटा केला, बगलेखालचं अस्तर सोडलं आणि शिवणीच्या आत दुमडलेलं कापड त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"कापड."

"माया! शिवणीच्या आत जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर सोडतात, उपकार केल्यासारखी. ही मोज. चार बोटं. दोन्ही कुशींना चार चार आणि पाठीला चार. बोल आता कंजूस!"

"नाही मावशी," हमाल म्हणाला. "कंजूस मीच. डोळ्याने."

दुकानवाली पुढे आली. "मावशी, तुमचा आहे का कोट? चुकून आला असेल तर घेऊन जा बाई. मी काही बोलणार नाही."

"घ्या मावशी," हमालही म्हणाला. "मला काय, शर्टावर जाईन मी."

कोट मास्तरणीच्या हातात होता. ज्यासाठी ती आली होती ते झालं होतं. आता घडी घालायची आणि घरी जायचं, त्या एका कपाटात ठेवायचा, दार लावायचं. पण हात घडी घालेना. तिला मघाचे ते खांदे दिसत होते. घड्याळजींचे खांदे रुंद होते, हँगरसारखे, आणि हँगरसारखंच त्यांच्याखाली काही नव्हतं. म्हणून तो कोट दुसऱ्या कुणाला कधी बसला नाही. लेकाला घालून पाहिला होता एकदा, पण लेकाचे खांदे बाटलीसारखे उतरते, मास्तरणीच्या माहेरचे. सहा वर्षांनी आज पहिल्यांदा, या हमालाच्या खांद्यांवर, कोट नीट उभा राहिला होता.

"तुमचाच ना?" दुकानवालीने पुन्हा विचारलं.

"शिवलाय मी," मास्तरीण म्हणाली. "आणि शिवलेलं गिऱ्हाइकाचं असतं. ए मुकादम, हात वर कर. श्वास सोड. सगळा सोड, पोट आत घेऊन मला फसवू नकोस."

तिने बटव्यातून दोरा काढला आणि हमालाच्या छातीला लावून गाठ मारली. मग पोटाला लावला, दुसरी गाठ मारली.

"चल घरी."

घरी पोचल्यावर तिने पहिलं पाऊल जिन्यावर टाकलं तसा लेक ओरडला, "आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"मशीन वर आहे. डॉक्टरने आणून दिलंय का खाली? की तू?"

लेक बाजूला झाला. मास्तरीण एकेक पायरी पोराला शिव्या देत आणि गुडघ्याला शाबासकी देत चढली. मागून हमाल चढला. तो चढताना जिना मोठमोठ्याने कुरकुरला.

ब्लेडने तिने शिवणी उसवल्या. टाके जुने होते पण सहज सुटेनात, आणि ते बघून तिला मनातून बरं वाटलं. आतली माया उलगडली तेव्हा कोटाच्या दोन्ही कुशींना लांब गडद पट्टे निघाले. बाहेरचं कापड उन्हापाण्याने फिकं झालं होतं. आतल्याला कधी ऊन लागलंच नव्हतं. ते दुकानातून आणलं त्या दिवसासारखं निळं होतं.

"पट्टे दिसतील," मास्तरीण म्हणाली. "आधीच सांगते. मागून ओरडायचं नाही."

"दिसू देत," रिकाम्या पेटीवर बसलेला हमाल म्हणाला. "अधिकाऱ्यांना असतातच पट्टे. मावशी, काका फार बारीक होते का हो?"

"बारीक? दार लावलेलं असलं तरी आत यायचे."

"मग एवढी माया कशाला ठेवलीत?"

"लग्नाला वर्ष झालं होतं. अंगात मस्ती. म्हटलं, खाऊ घालून घालून असा जाड करीन की कोट दरवर्षी उसवावा लागेल." तिने मशीनचा पट्टा चाकावर चढवला. "चाळीस वर्षं ताटातलं सगळं संपवलं त्या माणसाने. कुठे गेलं, देव जाणे. माया आपली तशीच पडून राहिली आत."

बोलून झाल्यावर तिला सुईच्या डोळ्यात दोरा घालायला जरा वेळ लागला. तिसऱ्या खेपेला गेला. "या खोलीत उजेडच नाही," ती म्हणाली, आणि उन्हाने भरलेल्या त्या खोलीत हमालाने मान डोलावली.

मग मशीन चालू झालं. खाली स्वयंपाकघरात सून म्हणाली, "ऐकतोस ना? वर्षभरात एवढं जोरात चाललं नव्हतं."

तासाभराने कोट पुन्हा हमालाच्या अंगावर चढला. मास्तरणीने बटणं स्वतः लावली. पहिलं लागलं, दुसरं लागलं, तिसरंही लागलं. पाठीवर एक सुरकुती नव्हती. हमालाने हात पुढे केले, मागे केले, आणि मग लहान मुलासारखे खिसे चाचपायला लागला. डाव्या बाजूला आत एक बारकासा खिसा सापडला, त्यात त्याचं एक बोट जेमतेम गेलं.

"हा कशाला?"

"भिंग ठेवायला. घड्याळं बघायचं."

"मी काय ठेवू त्यात?"

"अक्कल ठेव. मावेल."

हमाल एवढा हसला की सून वर धावत आली. "शिलाई काय द्यायची, मावशी?" त्याने विचारलं.

मास्तरणीने मशीनवर हात ठेवला. ओतीव लोखंडाचा सांगाडा, त्यावर जाड फळी. "वीस वर्षं ओझी उचललीस म्हणतोस. हे खाली नेशील?"

हमालाने मशीनकडे पाहिलं आणि ते त्याला काहीच वाटलं नाही. त्याने कोट काढला. "हा धरा तेवढा, मावशी."

तिने धरला. कोट अजून कोमट होता. तिने तो छातीशी धरला नाही, उगाच कुणी हळू आवाजात बोलायला लागायचं. नीट बाहीवर बाही घालून हातावर घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सूचना सोडत राहिली. डावीकडे घे. पायरी आहे. आंधळ्या, पायरी आहे म्हणते ना. मशीन हमालाच्या पाठीवर बसून एखाद्या म्हातारीसारखं ऐटीत खाली गेलं आणि खिडकीपाशी टेकलं. लेक तोंड उघडं टाकून बघत होता.

"बघू म्हणत होता हा," मास्तरीण म्हणाली.

एकेक पायरी करत ती खाली आली आणि तिने हमालाला कोट मागून धरला. त्याने हात घातले. कॉलर तिने सरळ केली, खांद्यावरची नसलेली धूळ झटकली आणि हात मागे घेतला.

"मावशी," दारातून वळून तो म्हणाला, "आता ऑफिसात बसून बसून मी अजून सुटणार. मग हो?"

"दोन बोटं माया अजून ठेवलीय आत. ये उसवायला."

तो गेला. खिडकीतून गल्लीच्या टोकापर्यंत त्याचे ते दोन निळे पट्टे दिसत होते. मास्तरीण मशीनसमोर बसली, पाय पायडलवर ठेवले, चाक एकदा रिकामंच फिरवून पाहिलं. उजेड इथे बरा होता.

सून जवळ आली. हळू नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, वर ती अर्धी पेटी राहिलीय अजून. तिचं काय करायचं?"

मास्तरणीने वर बघितलं, मग जिन्याकडे.

"बघू," ती म्हणाली.

लेक ताबडतोब उठला आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला. सुनेने घाबरून सासूकडे पाहिलं, आता ही पेटीसुद्धा दुकानात जाणार. वर पेटी सरकल्याचा आवाज झाला. मास्तरीण बॉबिन भरत होती.

"कोपरा घासू नकोस रे भिंतीला!" तिने मान न वळवता ओरडून सांगितलं. "रंग मागच्या वर्षीच दिलाय!"